बॉडी आणि चासी यांचा पुनर्योग

जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धाराची वार्ता कानी आली म्हणजे सर्वसामान्य रसिकाच्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो तिचा नवा रंग, घासूनपुसून उजळलेले दिवे आणि नव्याने मढविलेल्या बैठका. आणि समारंभप्रसंगी छायाचित्रे निघतात तीही ह्याच गोष्टींची. परंतु ज्या मोटारीची बॉडी आणि चासी ह्या दोन स्वतंत्र वस्तू असतात, तिच्या बाबतीत सगळ्या कामाचा कस लागतो तो एका निराळ्याच प्रसंगी: महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, परस्परांपासून विलग राहिलेली ही दोन अंगे ज्या दिवशी पुन्हा एकमेकांवर टेकविली जातात, त्या दिवशी. तेव्हा दरवाजा मिटेना, बोल्टाची भोके जुळेनात किंवा बोनेट एका अंगास कलले, तर चूक त्याच दिवशी झाली असे सहसा नसते. ती पुष्कळ आधी, बॉडीचा पहिला बोल्ट सुटण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. बॉडी चढविण्याचे काम ती उतरविण्यापूर्वी सुरू होते, हे माझ्या मते ह्या संपूर्ण प्रश्नाचे मर्म आहे, आणि आजवर ह्या विषयावर जे प्रयोग झाले, जे वाद माजले आणि जे कायदेकानू झाले, त्यांचा आढावा मी ह्याच दृष्टीने घेणार आहे.

आमचे मुडबी हे काही मोटारींच्या संग्रहालयासाठी विख्यात असलेले गाव नव्हे. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेलगत ते वसले आहे; उत्तरेच्या बाजूने सोलापूर-हैदराबाद हमरस्ता जातो, आणि त्या रस्त्याच्या कडेला गॅरेजे, पत्राकामाची दुकाने व ट्रकच्या बॉड्या बांधणारे मिस्त्री ह्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, पुढे हैदराबाद राज्यात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. ह्या सरहद्दीवरील मिस्त्री एकाच वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी बोलतो, आणि त्याच्या हाताला सुतारकी, लोहारकी व पत्राकाम ह्या तिन्ही कलांचा थोडाबहुत सराव असतो. जुन्या मोटारीच्या बॉडीला नेमक्या ह्याच तीन कलांचा संगम लागतो, म्हणून ह्या प्रश्नाचा विचार मुंबई-पुण्याच्या धनिक संग्राहकांच्या दिवाणखान्यापेक्षा आमच्या भागातील मांडवाखाली बसून करणे मला अधिक उचित वाटते.

मोटारीची मुळात दोन अंगे का झाली, ह्याचे उत्तर बैलगाडीपर्यंत मागे जाते. आस व चाके घडविणारा आणि त्यांवर साटा बांधणारा कारागीर कधी एकच असे, कधी भिन्न. परंतु भार वाहणारे अंग आणि माणसे वा माल सामावणारे अंग ही दोन वेगळी कामे आहेत, ही जाणीव फार जुनी. घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या युरोपीय कारखान्यांनी ती मोटारीच्या युगात जशीच्या तशी आणली. रोल्स-रॉइससारखी कंपनी इंजिन, गिअर, आस, चाके व पोलादी सांगाडा एवढेच तयार करून विकी, आणि ग्राहक आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे ती चासी पाठवी. ज्या मोटारीस 'सिल्व्हर घोस्ट' ह्या नावाने जग ओळखते, ती ४०/५० अश्वशक्तीची चासी १९०६ पासून जवळजवळ वीस वर्षे तयार होत होती, आणि तिच्यावर लंडनच्या बार्कर, हूपर आदी पेढ्यांनी बांधलेल्या बॉड्यांत एकीसारखी दुसरी क्वचितच सापडे. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी मागविलेली आणि १९११ साली त्यांचे देहावसान झाल्यामुळे सातव्या निजामाच्या कारकिर्दीत हैदराबादेस पोहोचलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट ह्याच परंपरेतील. तिची बॉडी बार्करची असून मागील आसन सिंहासनाच्या धर्तीवर उंच केलेले आहे. ती आज चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याच्या मिरवणुकीत जी मेबॅक मोटार छत्रपतींच्या वारसांना घेऊन दसरा चौकात येते, तिच्या जातीच्या गाड्यांचीही रीत हीच: जर्मनीतील मेबॅक कारखाना चासी देई आणि बॉडी अन्यत्र, पुष्कळदा रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन ह्या पेढीत, बांधली जाई.

परंतु राजेरजवाड्यांच्या ह्या गाड्यांवरच दृष्टी खिळवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. कारण ह्या विद्येचा खरा प्रसार आपल्याकडे झाला तो सार्वजनिक वाहतुकीमुळे. निजामाच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्याने १९३२ च्या जूनमध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सरंजामावर आपला कारभार सुरू केला. त्या काळातील स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची एक बस, जिला 'डेक्कन क्वीन' असे नाव होते, हैदराबादच्या बस भवनात जतन केलेली आहे; आणि ज्यास चासीवरील बॉडीचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने चौमहल्ल्यातील रोल्सपूर्वी ही बस पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली; ती बेडफर्ड चासीवरची, लाकडी बॉडीची होती. पुढे महामंडळाने दापोडी, औरंगाबादजवळील चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथे स्वतःच्या कार्यशाळा उभारल्या आणि कोऱ्या चासीवर बॉडी बांधण्याचे काम हजारो हातांना शिकविले. एसटीतून निवृत्त झालेला बॉडीफिटर आपल्या गावी परतून जुनी जीप हाती घेतो, तेव्हा त्याच्या गाठी जी विद्या असते ती परदेशी पुस्तकांत सहजी सापडणारी नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे, कारण ती न ओळखल्यामुळे काही चांगल्या गाड्यांचा नाश झालेला आहे. प्रत्येक जुन्या मोटारीची बॉडी चासीपासून सुटते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बॉडीचा पत्राच सांगाड्याचे कार्य करील अशी एकजीव रचना सर्वत्र रूढ झाली. लान्शिया कंपनीच्या लॅम्ब्डा मोटारीने १९२२ साली आणि सित्रोएनने १९३४ साली दाखविलेल्या मार्गाने पुढे बहुतेक कारखाने गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली व २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली अँबेसेडर, ह्या दोन्ही गाड्या एकजीव रचनेच्या आहेत. त्यांची बॉडी 'उतरविण्याचा' प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यांचे तळपत्रे बेहिशेबी कापणे म्हणजे गाडीचा कणाच कापणे होय. प्रस्तुत प्रश्नाच्या कक्षेत येतात त्या गाड्या निराळ्या: युद्धपूर्व सर्व कोचबिल्ट, म्हणजे बॉडी स्वतंत्र कारागिराने बांधलेल्या, मोटारी, मुंबईस शिवडी येथे १९२८ पासून जनरल मोटर्सने जोडलेल्या शेव्हरोले व ब्युक, कुर्ल्याहून बाहेर पडलेल्या डॉज व प्लिमथ, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड, आणि संख्येने व लोकप्रियतेने ह्या सर्वांहून मोठी असलेली जीप.

बॉडी उतरवावीच का, हा पहिला वाद. एका पक्षाचे म्हणणे असे की, चासीचा प्रत्येक इंच उघडा करून, गंज काढून, रंग देऊन, प्रत्येक रबर व प्रत्येक नळी नवी घातल्याखेरीज जीर्णोद्धार हा शब्दच वापरू नये. दुसरा पक्ष सांगतो की मोटार एकदाच मूळ स्वरूपात असते. कारखान्यातील मिस्त्रीने आवळलेला बोल्ट, त्याखाली घातलेली पत्र्याची चकती, तळाशी उरलेला मूळ रंग हे सर्व दस्तऐवज आहेत आणि ते एकदा नष्ट झाले म्हणजे कोणत्याही खर्चाने परत येत नाहीत. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने, जी १९६६ साली स्थापन झाली आणि फिव्हा ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाते, आपल्या ट्युरिनच्या सनदेत दुसऱ्या पक्षाकडे स्पष्ट कल दर्शविला आहे; वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी तत्त्वे ठरली, त्यांचाच आधार ह्या सनदेस आहे, आणि बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करावी अशी तिची अपेक्षा आहे. माझा स्वतःचा कौल मी लपवीत नाही. चासी कोठे कुजली असेल, तिला पीळ पडला असेल, बॉडीचे आधार नाहीसे झाले असतील किंवा लाकडी चौकट आतून पोखरली असेल, तरच बॉडी उतरवावी. गाडी नवीसारखी दिसावी एवढ्याच हेतूने तिला उचलणे मला अपराध वाटतो. कारण उतरविलेल्या बॉड्यांपैकी ज्या परत चढल्याच नाहीत, ज्या मांडवाच्या कोपऱ्यात वाकून, दबून, अखेर भंगाराच्या तराजूत गेल्या, त्यांची नोंद कोणत्याही सनदेत होत नाही, पण आमच्यासारख्या आडगावात त्या डोळ्यांनी दिसतात.

आमच्या भागात बॉडी उतरविण्याची गरज पडते ती बहुधा मातीमुळे. काळी माती चासीच्या दांडीत, मडगार्डच्या वळणात आणि तळपत्र्याखालील पन्हळीत जाऊन बसते, उन्हाळ्यात कठीण होते आणि पहिल्या पावसात पाणी शोषून आठवडेच्या आठवडे ओली राहते. युद्धकालीन विलीज जीपच्या तळाखाली पत्र्याच्या आधारपट्ट्या असून त्यांच्या पोकळीत लाकडाचे ठोकळे बसविलेले असत. त्या ठोकळ्यांनी पाणी धरून ठेवले आणि पट्ट्या आतून बाहेरच्या दिशेने कुजल्या, हा अनुभव अमेरिकेपासून आपल्यापर्यंत सर्वत्र एकच आहे. युद्धानंतर लष्करी डिस्पोजलमधून अशा जीपा देशभर विकल्या गेल्या, आणि त्याच सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला. पुढे तहसील कचेरी, पाटबंधारे खाते, साखर कारखाना आणि निवडणूक ह्या सर्वांच्या सेवेत ह्या गाडीने दख्खनचा कोपरान्‌कोपरा तुडविला. तिची बॉडी चारसहा माणसांच्या हातांनी उचलता येते, आणि हा सोपेपणाच तिच्या मुळावर येतो. जे सहज उचलता येते, ते मोजमाप न घेताच उचलले जाते.

आता मोजमापाविषयी सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. बॉडी जागेवर असतानाच प्रत्येक दरवाजाभोवतीची फट वर, मध्ये व खाली अशी मोजून वहीत उतरवावी. दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. बोनेटपासून पुढच्या काचेच्या पायथ्यापर्यंतचे अंतर दोन्ही अंगांना घ्यावे. बॉडीचा एकेक बोल्ट सोडताना त्याखाली रबर किती जाडीचे होते, पत्र्याच्या चकत्या किती होत्या आणि त्या वर होत्या की खाली, हे त्या त्या जागेच्या क्रमांकासह लिहून, त्या चकत्या स्वतंत्र पुड्यांत बांधून ठेवाव्यात. ह्या चकत्यांस क्षुल्लक समजणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. कारखान्यात प्रत्येक चासी आणि प्रत्येक बॉडी ह्यांत दोनचार सुतांचा फरक असेच. तो फरक ज्या अज्ञात कारागिराने हाताने भरून काढला, त्याचा निर्णय ह्या चकत्यांत साठविलेला असतो. ह्यानंतरची पायरी म्हणजे दरवाजांच्या जागी बॉडीस आडवेतिडवे लोखंडी आधार देऊन ती तात्पुरती जखडणे. उघड्या छपराच्या गाडीत तर हे अपरिहार्यच आहे, कारण छप्पर नसलेली बॉडी चासीवरून उठताच मध्यभागी खचते आणि दरवाजाची चौकट वरच्या अंगास मिटू लागते. आणि तळपत्रा बदलावयाचा असेल तर आधार दिल्यावाचून एक इंचही कापू नये.

बॉडी दूर झाली की चासीची परीक्षा घ्यावयाची. ह्यासाठी परदेशात मोठी यंत्रे असतील. परंतु सपाट फरशी, ओळंबा, खडू आणि दोरी ह्यांवर आमच्याकडील जाणता मिस्त्री जे निदान करतो ते बहुतेक कामांना पुरेसे ठरते. चासीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करावयाच्या, आणि समोरासमोरच्या खुणांमधील कर्ण ताडून पाहावयाचे. कर्ण सारखे नसतील तर चासी तिरकी झाली आहे असे समजावे. पीळ मात्र ओळंब्याने कळत नाही, त्यासाठी दोन्ही दांड्यांवर समांतर पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून नजर लावावी लागते. अपघातात सापडलेल्या किंवा वर्षानुवर्षे जादा भार ओढलेल्या गाडीची चासी सरळ केल्याशिवाय पुढे जाणे व्यर्थ होय. कारण वाकड्या चासीवर बॉडी बळाने आवळली की ती त्या वाकडेपणाचे अनुकरण करते. मूळच्या रिव्हेटांनी जोडलेल्या आडव्या दांड्या शक्यतो रिव्हेटांनीच जोडाव्यात, सोयीसाठी वेल्डिंगचे डाग मारीत सुटू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. चासीने रस्त्यावर किंचित लवावे अशीच तिची रचना असते, आणि चुकीच्या जागी दिलेला टाका पुढे तेथेच तडकतो.

मग ब्रेकच्या व पेट्रोलच्या नळ्या, मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारा, हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचे आधार ही जी कामे बॉडी चढल्यावर हातास लागत नाहीत, ती सर्व आधी पुरी करावयाची. गिअरबॉक्सचे वरचे झाकण, क्लचची जोडणी व स्टिअरिंगची पेटी ह्यांच्याकडेही तेव्हाच पाहून घ्यावे. इंजिन आधी बसवावे की नंतर, ह्याविषयी मतभेद आहे. माझ्या दृष्टीने इंजिन, गिअरबॉक्स व चाके बसवून, चासी स्वतःच्या स्प्रिंगांवर, स्वतःच्या भाराने उभी असतानाच बॉडी चढविणे श्रेयस्कर. कारण चार घोड्यांवर टेकविलेली रिकामी चासी आणि रस्त्यावर उभी असणारी भरलेली चासी ह्यांच्या आकारात सूक्ष्म भेद असतो, आणि दरवाजाला तो भेद तत्काळ जाणवतो. घराचा पाया एका कोपऱ्यात बोटभर खचला की भिंतीला तडा दिसण्यापूर्वी दार चौकटीत अडू लागते. मोटारीतही चासीची तक्रार प्रथम दरवाजाच सांगतो.

प्रत्यक्ष चढविण्याचा विधी वर्णन करावयास थोडा, परंतु करावयास दीर्घ धीराचा आहे. जड सलून गाडीची बॉडी लोखंडी घोडीवर टांगलेल्या चेन कप्पीने उचलतात. लिंबाच्या फांदीला कप्पी बांधण्याची प्रथा आमच्याकडे अजून आढळते, ती सर्वथा सोडून दिली पाहिजे, कारण फांदी मोडली तर गाडीबरोबर माणूसही जातो. बॉडी अधांतरी असता तिच्याखाली कोणीही शिरू नये. रबरे आपापल्या जागी ठेवून, चार कोपऱ्यांच्या भोकांत बोल्टाऐवजी टोकदार लांब सळ्या उभ्या कराव्यात, आणि त्या सळ्यांच्या मार्गदर्शनाने बॉडी अंगुळ-अंगुळ खाली घ्यावी. एक माणूस केवळ स्टिअरिंगच्या दांडीकडे पाहील, एक गिअरच्या दांड्याकडे, एक ब्रेकच्या पेडलकडे. आज्ञा मात्र एकाच इसमाची चालावी, आणि 'थांब' म्हणण्याचा अधिकार सर्वांना असावा. बॉडी टेकली म्हणजे काम संपले असे वाटून पाना हाती घेण्याचा मोह होतो. तेथेच आवरावे. सर्व बोल्ट प्रथम नुसत्या बोटांनी, दोनतीन आटे धरतील एवढेच फिरवावेत. एकही बोल्ट पुरता आवळला की उरलेली भोके सरकतात, आणि मग पहार घालून ती जुळविण्याचा अत्याचार सुरू होतो. भोक जुळत नाही ह्याचा अर्थ मोजमापात कोठेतरी विसंगती आहे, आणि ती शोधून काढणे हेच त्या क्षणाचे काम आहे. भोक मोठे करणे नव्हे.

ह्यानंतर तात्पुरते लोखंडी आधार काढून दरवाजे टांगावेत आणि वहीतील जुन्या फटींशी नव्या फटी ताडून पाहाव्यात. पत्र्याच्या बॉडीत चारपाच मिलिमीटरची सारखी फट सर्वत्र मिळाली तर उत्तमच. परंतु जी गाडी कारखान्यातूनच असमान फटी घेऊन आली, तिला पुट्टी भरभरून आजच्या मोटारीसारखी नेटकी करणे हा तिच्या स्वभावाशी केलेला द्रोह आहे. दरवाजा मागच्या टोकाला खाली उतरला असेल तर पुढच्या खांबाखाली वा मधल्या आधाराखाली चकत्यांची जाडी बदलून तो उचलता येतो. कोठे किती घालावयाचे हे अनुभवाने कळते, तथापि जुन्या पुड्या जपलेल्या असल्या तर निम्मे उत्तर त्यांतच असते. बॉडीच्या पुढच्या भागापासून मागे असे क्रमाने, आणि दोन्ही अंगांना आळीपाळीने, थोडेथोडे आवळत जावे. प्रत्येक फेरीनंतर दरवाजा उघडून मिटून पाहावा. मडगार्ड, रेडिएटरचा आधार आणि बोनेट ह्यांचा क्रम ह्याच्याही मागून.

दोन प्रकारच्या गाड्यांना येथे खास वागणूक लागते. स्टँडर्ड हेरल्ड, जिचे मूळ रेखाटन इटलीच्या मिकेलोत्ती ह्यांनी केले आणि जी मद्रासेस १९६१ पासून तयार होऊ लागली, तिची बॉडी स्वतःच दोन प्रमुख तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली आहे, आणि तिचे अवाढव्य बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटते. त्यामुळे तिच्यात बॉडी चासीवर बसविणे आणि बॉडीचे तुकडे परस्परांशी जुळविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत करावी लागतात. चासीच्या बाजूस निघालेले हात, ज्यांवर ह्या बॉडीचा पुष्कळ भार येतो, ते गंजून लवले असतील तर वरच्या सगळ्या कसरती निष्फळ ठरतात. दुसरा प्रकार लाकडी चौकटीच्या कोचबिल्ट बॉडीचा. विलायती कारागीर अॅश नावाचे लवचिक लाकूड वापरीत. आपल्याकडे ते सडते तेथे जाणते सुतार मुरलेले सागवान घालतात, आणि आपल्या हवेत तेच योग्य आहे असे मी मानतो, मात्र बदललेला प्रत्येक तुकडा वहीत नोंदला पाहिजे. लाकडाची चौकट चासीवर बसवून, दरवाजे टांगून, मगच पत्रा चढवावा. आधी पत्रा मढवून नंतर बॉडी चासीवर नेली, तर चौकटीस जुळवून घेण्यास वावच राहत नाही. पावसाळ्यात हे काम करू नये, हे आमच्याकडील सुतार न विचारता सांगतो, आणि त्याचे ऐकावे.

किरकोळ वाटणाऱ्या एका बाबीचा उल्लेख टाळता येत नाही. नवा रंग आणि नवी रबरे ह्यांमुळे बॉडी व चासी विजेच्या दृष्टीने परस्परांपासून तुटतात. जुन्या गाडीत गंजलेल्या बोल्टांतून कसाबसा वाहणारा प्रवाह आता थांबतो आणि दिवे मंद जळू लागतात. बॉडी, चासी व इंजिन ह्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, तिच्या जागचा रंग खरवडून, पक्की बसविली म्हणजे ह्या गूढ व्याधीचा परिहार होतो.

कायद्याची बाजू अलीकडेच स्पष्ट होऊ लागली आहे. १९५० पूर्वीच्या मोटारी परदेशी जाऊ नयेत म्हणून शासनाने निर्यातीवर निर्बंध घातले होतेच. परंतु देशातल्या देशात अशा गाडीची ओळख काय, ह्याविषयी प्रत्येक राज्याची रीत वेगळी होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ च्या जुलैत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस 'व्हीए' ह्या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून मुदत दहा वर्षांची आहे, आणि अशी गाडी नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ह्या नियमातील कळीची अट अशी की, चासी, बॉडी वा इंजिन ह्यांत मूलभूत फेरफार झालेला नसावा. अट रास्त आहे. तिच्या अमलबजावणीत मात्र अडचण संभवते, ती अशी: कुजलेला तळपत्रा त्याच मापाने नवा घालणे हा फेरफार की दुरुस्ती, आणि मूळ चासीवर त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीची बॉडी चढविली तर ती गाडी कोणती? विलीज जीपच्या चासीची क्रमांकपट्टी पुढच्या डाव्या दांडीवर आतल्या अंगास रिव्हेट केलेली असते आणि माहितीच्या पाट्या आत डॅशबोर्डवर. ही दोन्ही अंगे वेगवेगळ्या गाड्यांची असली तर कागदपत्र एकाचे आणि देह दुसऱ्याचा असा प्रकार होतो. आमच्या भागात ह्याला आणखी एक पदर आहे. जी गाडी निजामी अमलात नोंदली गेली, तिचे मूळ कागद उर्दूत, पुढचे म्हैसूर राज्याचे आणि त्यापुढचे कर्नाटकाचे. ह्या साखळीतील एक दुवा हरवला की चासीवरील क्रमांक हाच एकमेव साक्षीदार उरतो. म्हणून चासी घासताना त्या क्रमांकावर यंत्र फिरविणे, किंवा त्यावर रंगाचे जाड थर देणे, ह्यासारखे दुष्कृत्य नाही.

ह्या सर्वांवर माझी सूचना व्यवहार्य आहे. बॉडी उतरविण्यापूर्वीची छायाचित्रे, फटींचे माप, चकत्यांचा तपशील, चासीचे कर्ण, बदललेल्या लाकडाची व पत्र्याची यादी आणि चासीवरील व बॉडीवरील पट्ट्यांचे ठसे हे सर्व एका वहीत बांधून ती गाडीच्या नोंदणीपत्रासोबत कायम ठेवावी, आणि परिवहन कचेरीने तपासणीच्या वेळी ती मागवावी. बसवकल्याण, हुमनाबाद, उमरगा, आळंद अशा सरहद्दीवरील गावांत औद्योगिक प्रशिक्षणाचे जे वर्ग चालतात, त्यांत वेल्डिंग व फिटरकीच्या विद्यार्थ्यांना एका जुन्या जीपची बॉडी उतरवून, मोजून, पुन्हा चढविण्याचा पाठ दिला जावा. जे वृद्ध बॉडीफिटर आज हयात आहेत त्यांना त्या वर्गात मानधन देऊन बोलवावे; चकती कोठे घालावी हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे, आणि ते अद्याप कोणी लिहून घेतलेले नाही.

बॉडी बसली, रंग वाळला आणि गाडी चालू लागली, तरी एक काम बाकी असते. पहिल्या काही शे किलोमीटरांत नवी रबरे दबतात, बोल्ट सैल पडतात आणि फटी किंचित सरकतात. तेव्हा गाडी पुन्हा मांडवाखाली आणून, त्याच क्रमाने, प्रत्येक बोल्ट तपासावा. दरवाजांची मापे पुन्हा घेऊन वहीत पहिल्या मापांशेजारी दुसऱ्या तारखेने लिहावीत. आणि पावसाळ्यापूर्वी नळीने पाणी मारून तळाच्या कोणत्या सांध्यातून ते आत येते हे पाहावे.